वाचकांचे प्रश्न : बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग

प्रश्न (लातूर येथील एक वाचक भगिनी) : आमच्या भागात नळाला पाणी काही दिवसांच्या अंतराने येते, त्यामुळे आंघोळ, धुणे-भांडी हे सगळे बोअरच्या पाण्यावरच चालते. न्हाणीघरातल्या टाइल्स, नळ आणि आरसा यांच्यावर पांढरट थर चढला आहे. खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून लावले. फेस भरपूर आला, पण डाग तसेच राहिले. घरातल्या वस्तूंनी हे डाग निघू शकतात का?

उत्तर : ताई, हे डाग नक्की निघू शकतात, आणि आपण घेतलेले दोन्ही पदार्थ उपयोगाचेच आहेत, फक्त ते एकत्र वापरायचे नसतात. व्हिनेगर हे आम्ल आहे आणि सोडा त्याच्या उलट गुणाचा आहे. दोन्ही एकत्र आले की फेस येतो, परंतु त्या फेसातच दोघांचाही जोर संपतो आणि डागापर्यंत पोहोचते ते जवळजवळ साधे खारट पाणी.

मराठवाड्याचा बहुतेक भाग काळ्या बेसॉल्ट खडकावर वसलेला आहे. या खडकात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम असलेली खनिजे असतात, शिवाय आपल्या कित्येक शेतांच्या मातीत चुनखडीचे खडे सापडतात. पाणी जमिनीत जितके खोल आणि जितका काळ मुरून राहते, तितके हे क्षार त्यात अधिक उतरतात. म्हणूनच मांजरा धरणाचे पाणी आणि त्याच गावातले खोल बोअरचे पाणी यांच्यात साबणाच्या फेसापासूनच फरक जाणवतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार (आयएस 10500) जडपणा, म्हणजे पाण्यातील या क्षारांचे प्रमाण, लिटरमागे 200 मिलिग्रॅमपर्यंत असावा आणि दुसरा स्रोत नसेल तर 600 पर्यंत चालवून घ्यावा, असे ठरलेले आहे. टाइलवर उडालेला थेंब वाळतो तेव्हा पाणी उडून जाते आणि त्यातला चुना मागे राहतो. रोज थेंबावर थेंब वाळत गेले की त्याचीच खपली बनते.

चुना आम्लात विरघळतो, हा या सगळ्या उपायांचा पाया आहे. मात्र न्हाणीघरातल्या डागात नुसता चुना नसतो. जड पाण्यातील कॅल्शियमशी साबणाचा संयोग होऊन एक चिकट, राखट साय तयार होते, आणि ती वरून बसलेली असेल तर आम्ल खालच्या चुन्यापर्यंत नीट पोहोचत नाही. म्हणून आधी सोड्याची ओलसर पेस्ट किंवा भांड्याचा साबण लावून काथ्याने टाइल्स घासाव्यात आणि स्वच्छ पाण्याने धुऊन काढाव्यात. त्यानंतर टाइल्समधले सिमेंटचे सांधे साध्या पाण्याने भरपूर भिजवावेत, कारण आम्ल सिमेंटलाही खाते आणि आधीच पाणी प्यालेला सांधा ते कमी शोषतो. मग पांढरे व्हिनेगर, किंवा किराणा दुकानात मिळणारे लिंबूसत्व एक लिटर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे विरघळवून, फडक्याने लावावे. भिंतीवर द्रावण टिकत नाही. त्यासाठी जुने सुती फडके त्यात भिजवून टाइलवर चिकटवून ठेवावे. पंधरा-वीस मिनिटांनी खपली मऊ पडते आणि घासणीने निघते. थर जाड असेल तर हेच दोन-तीन वेळा करावे. जोर लावून तारेच्या घासणीने खरवडू नये, कारण त्याने पडलेल्या बारीक चऱ्यांतच पुढचा चुना लवकर बसतो.

नळाच्या तोंडाशी जमलेल्या चुन्यासाठी व्हिनेगरमध्ये भिजवलेला कापूस किंवा फडके तोटीभोवती गुंडाळावे, वरून प्लास्टिकची पिशवी दोऱ्याने बांधावी आणि अर्ध्या तासाने सोडावी. चकचकीत मुलामा असलेल्या नळावर आम्ल रात्रभर ठेवू नये आणि सोनेरी मुलाम्याला तर ते लावूच नये. पिळून झालेल्या लिंबाच्या फोडीही येथे चांगले काम करतात. आरशावर व्हिनेगर फडक्यानेच पुसावे, शिंपडू नये. कडेने आत शिरले तर मागचा पारा खराब होतो.

एक गोष्ट कळकळीने सांगते. व्हिनेगर, लिंबूसत्व किंवा कोणतेही ॲसिड वापरताना ब्लीचिंग पावडर किंवा ब्लीचचे द्रावण जवळपासही आणू नये. दोन्ही एकत्र आल्यास क्लोरीन वायू तयार होतो, आणि बंद न्हाणीघरात तो जिवावर बेतू शकतो. आपल्याकडे हौदासाठी ब्लीचिंग पावडर घरोघरी असते, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

प्रश्न (जालना येथील एक वाचक) : आमच्या जुन्या घरात मोरीला आणि अंगणाला शहाबादी फरशी आहे. पांढरे डाग काढण्यासाठी बाजारातले ॲसिड ओतावे, असे मिस्त्रींनी सुचवले आहे. ओतावे का?

उत्तर : कृपया ओतू नये. शहाबादी फरशी हा चुनखडीचा दगड आहे, म्हणजे डाग आणि फरशी यांची जात एकच आहे, आणि आम्लाला त्यांत भेद करता येत नाही. ॲसिड ओतल्यावर जो फेस दिसतो, त्यात फरशीचा वरचा थरही गेलेला असतो; फरशी खडबडीत होते आणि पुढे अधिक मळते. कडाप्प्याचा ओटा, कोटा, संगमरवर आणि मोझॅक यांनाही हेच लागू आहे. कडाप्प्यावर लिंबू चिरून ठेवल्यावर जो निस्तेज ठसा उमटतो, तो पुसून जात नाही, कारण तेथे दगडच झिजलेला असतो. खात्री नसेल तर कोपऱ्यातल्या फरशीवर लिंबाच्या रसाचा एक थेंब टाकून पाहावा. बुडबुडे आले किंवा तेथे निस्तेज ठिपका पडला, तर आम्ल वर्ज्य समजावे.

अशा फरशीसाठी सोड्याची पेस्ट दहा मिनिटे ठेवून ओल्या काथ्याने गोलाकार घासणे आणि जाड खपली लाकडी पट्टीने हलकेच उचलणे, एवढेच सुरक्षित आहे. डाग खोल गेले असतील तर मशीनने पॉलिश करून घ्यावे.

प्रश्न (परभणी येथील एक वाचक भगिनी) : पाण्याच्या हौदात तुरटी फिरवली तर डाग पडायचे थांबतील का? कूलर आणि चहाची विजेची किटली यांतही थर साचतो.

उत्तर : तुरटीने गढूळपणा खाली बसतो, पण विरघळलेला चुना पाण्यातच राहतो, त्यामुळे डागांवर तिचा उपयोग नाही. आंघोळ झाल्यावर टाइल्सवरचे पाणी वायपरने ओढून घेणे आणि नळ कोरड्या फडक्याने पुसणे याचा मात्र खूप फरक पडतो, कारण जो थेंब वाळतच नाही त्याचा डाग पडत नाही. गच्चीवरचे पावसाचे पाणी साठवता आले तर आरसे आणि काचा पुसण्यास तेच वापरावे. त्यात क्षार जवळजवळ नसतात.

कूलरमध्ये पाणी सतत उडून जाते आणि आम्ही वरून नवे ओतत राहतो, त्यामुळे टाकीतले पाणी दिवसेंदिवस अधिक क्षारयुक्त होते. आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करावी. प्लास्टिकची टाकी लिंबूसत्वाच्या पाण्याने धुता येते, पत्र्याची मात्र नाही, कारण पत्र्यावरचा जस्ताचा थर आम्लाने जातो. कडक झालेली गवताची जाळी दरवर्षी बदलणेच बरे. हे सारे कूलरचा प्लग काढूनच करावे.

किटलीत एक लिटर पाणी आणि दोन चमचे लिंबूसत्व घालून पाणी कोमट करावे, उकळू नये. खूप तापल्यास लिंबूसत्व आणि कॅल्शियम यांचा न विरघळणारा साका पुन्हा तळाशी बसू शकतो. अर्ध्या तासाने ओतून द्यावे, दोनदा स्वच्छ धुवावे आणि पहिले उकळलेले पाणी चहाला न वापरता टाकून द्यावे.