बांधी विकण्याआधी मेडिकल

चि. बेटा,

अनेक आशीर्वाद.

वैमानिक व्हायचंय म्हणून लिहिलेलं तुझं पत्र पोचलं आणि दुसऱ्याच दिवशी तुझ्या बाबांचा फोन आला. तू तीन पानं लिहिलीस, त्यांनी एकाच वाक्यात विचारलं, “बुढे हटतच नसतील त पोरीनं का करावं जी?” मला हसू आलं, कारण मी त्याच बुढ्यांमधला. पासष्टी भरेपर्यंत कॉकपिटच्या डाव्या, म्हणजे कॅप्टनच्या सीटवर बसलो आणि मगच गावी येऊन धानाच्या बांध्या बघायला लागलो. तेव्हा या विषयात मी अगदी तटस्थ असेन असं धरून वाचू नकोस.

आधी वैमानिकांचं निवृत्तीचं वय वाढणार, या तुझ्या बातमीचं. आयाटा ही विमान कंपन्यांची जागतिक संघटना. तिने 2025 मध्ये आयकाओपुढे प्रस्ताव ठेवला, की आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी वैमानिकाची वयोमर्यादा 65 वरून 67 करावी. एक वैमानिक पासष्टीच्या वरचा असेल तर दुसरा खालचा हवा, ही अट सोबत होती. आयकाओ संयुक्त राष्ट्रांची संस्था, नियम तिचे. कंपन्यांनी मागितलं म्हणजे नियम झाला असं होत नाही. मर्यादा अजून 65 च आहे आणि आपल्या डीजीसीएची, म्हणजे भारताच्या विमान नियामकाचीही तीच. तुझ्या मोबाइलवरच्या मथळ्यात ‘होणार’ होतं, ते मथळा लिहिणाऱ्याच्या पदरचं.

ही रेघ पूर्वीही सरकलेली आहे. अमेरिकेने 1959 मध्ये 60 ची मर्यादा ठरवली. जेट विमानं तेव्हा नुकती आली होती आणि साठच का, अठ्ठावन्न किंवा त्रेसष्ट का नाही, याचं पक्कं वैद्यकीय उत्तर कोणाकडेच नव्हतं. आयकाओने 2006 मध्ये ती 65 वर नेली, पण साठीवरच्या कॅप्टनशेजारी साठीखालचा वैमानिक बसवा असं सांगून. 2014 मध्ये तीही अट गेली. अमेरिका 2007 च्या डिसेंबरात 65 वर आली. 2023 मध्ये तिथल्या प्रतिनिधीगृहाने 67 ला होकार दिला होता, पण 2024 चा कायदा झाला त्यात 65 च राहिलं. जपानमध्ये 68 व्या वाढदिवसापर्यंत उडता येतं. ऑस्ट्रेलिया आणि कॅनडाने आपापल्या देशातल्या उड्डाणांना वरची मर्यादाच ठेवलेली नाही. म्हणजे 65 हा आकडा काही दगडावर कोरलेला नाही.

तू विचारलंस, तब्येत ठणठणीत असेल तर रेघ हवीच कशाला? प्रश्न रास्त आहे. 2009 मध्ये दोन्ही इंजिनं बंद पडलेलं विमान हडसन नदीत उतरवणारे सलेनबर्गर तेव्हा 57 वर्षांचे होते. 1989 मध्ये विमान वळवणारी हायड्रॉलिक्स यंत्रणा पूर्ण गेलेलं डीसी-10 सू सिटीपर्यंत आणणारे अल हेन्सही 57 चेच. केस पांढरे होईपर्यंत साठलेलं काहीतरी अशा वेळी कामाला येतं, यात शंका नाही.

पण दुसरी बाजू मी आतून पाहिली आहे. साठीनंतर मेडिकल दर सहा महिन्यांनी. त्रेसष्टाव्या वर्षीचं एक आठवतं. आवाज आत येऊ नये अशा खोक्यात बसवतात, कानाला हेडफोन, हातात बटण. बीप ऐकू आली की दाबायचं. जाड आवाज सरळ येतात, मग बारीक शिट्टीसारखे सुरू होतात. काचेपलीकडे तंत्रज्ञाचा हात डायलवर फिरताना दिसत होता आणि माझ्या कानात काहीच वाजत नव्हतं. पास झालो, कारण बोलण्याच्या पट्टीतलं सगळं ऐकू येत होतं. कान, डोळे, हृदय, साखर अशी मोजता येते. सिम्युलेटरवर, म्हणजे जमिनीवरच्या नकली कॉकपिटमध्ये, ऐन टेक-ऑफला इंजिन बंद पाडून हातपाय कसे चालतात तेही तपासतात. मात्र रात्रभर उडून पहाटे धुक्यात उतरताना, ‘उतरायचं की परत वर जायचं’ हे ठरवायला लागणारा वेळ हळूहळू कधी वाढला, ते पकडणारी खात्रीची चाचणी अजून निघालेली नाही. ती निघेपर्यंत जन्मतारखेवर रेघ ओढणं ओबडधोबड असलं तरी सगळ्यांना सारखं आहे. पासष्टीतही तल्लख असलेले लोक मी पाहिलेत आणि पंचावन्नलाच सुस्तावलेलेही. रेघेला त्यातला फरक कळत नाही, मान्य.

आता वैमानिकांचा तुटवडा. फेब्रुवारी 2023 मध्ये एअर इंडियाने 470 विमानं मागवली, जूनमध्ये इंडिगोने 500. पुढच्या 15-20 वर्षांत देशाला 30 हजार वैमानिक लागतील असं केंद्रीय मंत्री सांगतात. डिसेंबर 2025 मध्ये तर तू टीव्हीवर पाहिलंसच. आठवड्याची विश्रांती 36 वरून 48 तास आणि रात्रीच्या लँडिंगवर कडक बंधन, असे नियम नुकतेच पूर्ण लागू झाले होते आणि इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली. हे बघून कोणालाही वाटेल, लायसन हातात आलं की कंपन्या दारात उभ्या राहतील.

तसं नाही बाप्पा. खरी टंचाई आहे ती कमांडरांची, म्हणजे कॅप्टनची, आणि त्यांना घडवणाऱ्या प्रशिक्षकांची. 200 तासांचं सीपीएल, म्हणजे व्यावसायिक वैमानिकाचं लायसन, घेऊन घरी बसलेली पोरं या देशात कमी नाहीत. कोणाकडे टाइप रेटिंगचे, म्हणजे ठरावीक विमान उडवायच्या प्रशिक्षणाचे, लाखो रुपये नाहीत, कोणाच्या वेळी भरतीच निघाली नाही. तू धानवाल्याच्या घरची, तुला चटकन कळेल: तलावाचं पाणी वरच्या बांधीतून खालच्या बांधीत उतरतं, तशा इथल्या जागा उतरतात. मोठ्या विमानाचा कॅप्टन निवृत्त झाला की लहान विमानाचा कॅप्टन त्याच्या जागी जातो, त्याच्या जागी एखादी फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक, आणि तिच्या जागी नवीन पोरगी. एक म्हातारा गेला की तिघांचं प्रशिक्षण निघतं, तिघांना सिम्युलेटर लागतो, शिकवायला माणूस लागतो. कंपन्यांना 67 गोड का लागतं ते यात आलं. हा सगळा खर्च दोन वर्षं पुढे जातो.

म्हणूनच तुटवड्यावरचा इलाज म्हणून मला ते पटत नाही. दोन वर्षांनी तेच लोक निघून जाणार आणि तोवर खालच्याला तयार करायची निकड कोणाला वाटणार नाही. पासष्टीनंतर माणसाला विमानापेक्षा सिम्युलेटरच्या मागच्या खुर्चीवर बसवा, तिथे त्याचा खरा उपयोग. तरीही माझ्यापुरतं विचारशील तर कोणी ‘अजून दोन वर्षं उडवा’ म्हटलं असतं तर मी नाही म्हटलं नसतं. माणूस असाच असतो.

तुझा हिशेब मात्र वेगळा मांडावा लागेल. आज तू अठराची. लायसन हाती येईपर्यंत विशी ओलांडशील. मर्यादा 67 झाली तर सुरुवातीला दोन वर्षं अडशील आणि शेवटी दोन वर्षं जास्त मिळवशील. कागदावर फिट्टंफाट. पण सुरुवातीच्या त्या दोन वर्षांत कर्जाचा हप्ता चालू असतो आणि बँकेला तुझ्या 67 व्या वर्षाशी काही घेणंदेणं नसतं.

आणि खरं सांगू? आपल्या देशात जागा निघतात त्या मुख्यतः नव्या विमानांमुळे. अमेरिकेत निवृत्तीची मोठी लाट आहे, तिथे हा वाद पेटतो ते समजू शकतं. आपल्याकडे एका लहान जेटमागे दहा-बारा वैमानिक लागतात, कारण विमान दिवसरात्र फिरतं आणि माणसाला झोप लागते. तेव्हा म्हाताऱ्यांचे वाढदिवस मोजत बसू नकोस. विमानं वेळेवर येतायत का आणि कोणती कंपनी डळमळतेय, त्यावर डोळा ठेव. एप्रिल 2019 मध्ये जेट एअरवेज थांबली, मे 2023 मध्ये गो फर्स्ट. दोन्ही वेळा हजारो तासांचा अनुभव असलेले लोक एका झटक्यात बाजारात आले. अशा वेळी 200 तासवालीला कोण विचारतं? घाबरायचंच असेल तर त्याला घाबर.

आता बाबांसाठी, आणि हा भाग त्यांना मोठ्याने वाचून दाखव. रस्त्याकडची बांधी विकायची बोलणी थांबवा. शेतजमीन तारण म्हणून शैक्षणिक कर्जाला बँका सहसा घेत नाहीत, म्हणून थेट विक्रीची वेळ येते, हे मला माहीत आहे. पण त्याआधी मेडिकल. पहिलं क्लास 2, म्हणजे प्राथमिक तपासणी, ते डीजीसीएच्या यादीतल्या डॉक्टरकडे नागपूरसारख्या शहरात होतं. मग क्लास 1, व्यावसायिक लायसनला लागणारं. चष्मा असला तरी चालतं, रंगांधळेपण चालत नाही. रंगीत ठिपक्यांच्या पानात आकडा दिसला नाही तर प्रवास तिथेच संपू शकतो. ते जमीन विकल्यावर कळण्यापेक्षा आधी कळू दे. फ्लाइंग स्कूलचा माणूस म्हणेल, ‘आधी अ‍ॅडमिशन घ्या, मेडिकल होऊन जाईल.’ त्याला नमस्कार करून उठा.

शिक्षण कुठे, तर लांब जायला नको. आपल्या गोंदियाजवळ बिरसीला धावपट्टी आहे, इंग्रजांनी दुसऱ्या महायुद्धात बांधलेली. तिथली ट्रेनिंगची विमानं डोक्यावरून इतकी जातात की रोवणीतल्या बायका आता मानही वर करत नाहीत. अमरावतीच्या बेलोऱ्याला एअर इंडियाची मोठी शाळा ठरली आहे, वर्षाला 180 वैमानिक घडवायचे असा तिचा बेत. पण गर्दी वाढली की रांगही वाढते. चौकशीला जाशील तेव्हा विमानं किती हे विचारू नकोस, त्यातली आज उडण्याजोगी किती, प्रशिक्षक किती आणि मागच्या तुकडीचे 200 तास किती महिन्यांत भरले, हे विचार. तिसऱ्या प्रश्नाला गोलमोल उत्तर आलं की समजून जा. तिथली चहाच्या टपरीवर बसलेली पोरं ऑफिसपेक्षा खरं सांगतात.

तुम्ही ओबीसीत येता, म्हणून नागपुरातल्या महाज्योतीच्या, म्हणजे ओबीसी मुलांसाठीच्या सरकारी संस्थेच्या कार्यालयात एक फेरी मार. त्यांनी नागपूर फ्लाइंग क्लबमधून सीपीएलच्या प्रशिक्षणाची योजना राबवली होती. आता प्रवेश चालू आहेत का, तासांना उशीर किती होतो, हे तिथेच बसून विचार. फुकटच्या तासांना उशीर झाला तर राग येतो, पण विकलेली जमीन परत येत नाही.

आणखी एक. तब्येतीमुळे लायसन गेल्यास भरपाई देणारा विमा असतो, ‘लॉस ऑफ लायसन्स’ म्हणतात. पहिल्या पगारापासून घे. निवृत्ती पासष्टीला की सदुसष्टीला यावर लोक भांडतात. माझ्या बरोबरच्या काहींची रेघ चाळिशीतच ईसीजीच्या कागदावर ओढली गेली.

रोवणी आटोपली की बाबांना घेऊन घरी ये. येताना दहावी-बारावीच्या मार्कशीट, डोळ्यांचा जुना नंबर आणि सातबारा आण. सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग 1 आहे की 2, म्हणजे जमीन मोकळेपणी विकता येते की परवानगी लागते, ते मला आधी बघायचं आहे.

तुझे,
कॅप्टन काका