‘फाशी फक्त मुख्य आरोपीलाच होते’ यावर विसंबू नका

ताई, पोस्ट वाचली. भाऊ गाडी चालवत होता, मारलं दुसऱ्यांनी, पण प्रेत खाडीत टाकायला हा सोबत होता. ३०२ (खून) सोबत ३४ (समान इराद्याने मिळून केलेला गुन्हा) लावलंय, सरकारी वकील सगळ्यांनाच फाशी मागणार अशी कुणकुण आहे, आणि तुमचे वकील म्हणतात, घाबरू नका, फाशी मुख्य आरोपीलाच होते. माझ्या मावसभावाच्या वेळी आम्हालाही अगदी हेच सांगितलं होतं. तो खलाशी, मुख्य आरोपी त्याच बोटीचा मालक. सेशन्स कोर्टाने दोघांनाही फाशी दिली. पुढे हायकोर्टात भावाची जन्मठेप झाली, पण मधला काळ मावशीने कसा काढला ते इथे लिहीत नाही.

मी वकील नाही. कोर्टाच्या पायऱ्या झिजवून जे कळलं तेवढंच सांगतो.

३४ लागलं की ‘वार मी केला नाही’ एवढ्याने सुटका नाही. कलकत्त्याच्या पोस्टमास्तर खुनात एक जण म्हणत होता की मी बाहेर उभा होतो. प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे तेव्हाच्या सगळ्यात वरच्या कोर्टाने, १९२४ साली त्याचा खुनाचा दोष कायम ठेवला. पण समान इरादा आधीपासून होता हे सरकार पक्षाला सिद्ध करावं लागतं. म्हणून तुमच्या भावाला खुनाचं कधी कळलं, गाडीत बसायच्या आधी की नंतर, यावर सगळी केस उभी आहे. नंतरच कळलं असेल आणि फक्त प्रेत लपवायला हात लावला असेल, तर तो २०१ चा गुन्हा, जास्तीत जास्त सात वर्षं. सात वर्षं आणि फाशी यांत केवढं अंतर आहे! मोबाईलचे कॉल, पेट्रोल पंपाचा कॅमेरा, जे काही या वेळेबद्दल बोलतं ते वकिलांसमोर ठेवा. (घटना १ जुलै २०२४ ची किंवा त्यानंतरची असेल तर कलमांचे आकडे नव्या भारतीय न्याय संहितेचे येतील.)

आता माझं ठाम मत, पटलं नाही तर सोडून द्या. मुख्य आरोपीचा आणि तुमच्या भावाचा वकील एकच असेल तर उद्याच बदला. ‘हा मुख्य आरोपीच्या दबावाखाली होता’ असं त्या मुख्य आरोपीचाच वकील कसा म्हणेल? आणि दबाव हा साधा मुद्दा नाही. १९८० च्या बच्चनसिंग निकालात फाशी टाळण्याच्या कारणांत, दुसऱ्याच्या दबावाखाली वागणं हे कारण स्पष्ट दिलेलं आहे. आमच्याकडे मालकाची उचलीची वही होती. ऑगस्टच्या हंगामाआधी घेतलेली उचल, मागच्या वर्षीची बाकी, शेजारी भावाचा अंगठा. तो त्या माणसाला नाही म्हणूच शकत नव्हता, हे त्या वहीने जितकं सांगितलं तितकं कुठल्या साक्षीदाराने सांगितलं नसतं. पण ती कोर्टासमोर आली हायकोर्टात.

याचं कारण शिक्षेची सुनावणी, म्हणजे दोष ठरल्यावर शिक्षा किती द्यायची यावरची सुनावणी. दोष ठरवताना कलम सगळ्यांना एकत्र बांधतं, शिक्षा ठरवताना मात्र प्रत्येक माणूस वेगळा मोजावा लागतो. त्यासाठी आरोपीची माहिती खालच्या कोर्टातच गोळा व्हावी, असं सुप्रीम कोर्टाने २०२२ मध्ये मनोज निकालात सांगितलंय. ती माहिती देणारं एक सरकारी कार्यालय असतं. नाव घेत नाही. त्यांच्याकडून घरी कुणी फिरकलंच नाही. अहवाल आला एक पानी. त्यात मावशीच्या यजमानांचा व्यवसाय ‘आंबा बागायत’, घरची स्थिती ‘समाधानकारक’. माणूस जाऊन कितीतरी वर्षं झाली होती आणि आमच्या मावशीच्या दारात हापूसचं एक कलम नाही! गावाचं नावही शेजारच्या वाडीचं. दुरुस्तीला गेलो तर खिडकीतून उत्तर, ‘रिपोर्ट कोर्टात गेला, आता आमचा विषय नाही.’ निकालपत्रात मग वाक्य आलं की आरोपी खात्यापित्या घरचा, गरिबीची सबब नाही. हायकोर्टाने नवा अहवाल मागवला तेव्हा कुठे खरं घर कागदावर आलं. त्या एका पानाचा राग माझा अजून गेलेला नाही, जाणारही नाही.

म्हणून निकालाची वाट बघू नका. शाळेचा दाखला, औषधांच्या चिठ्ठ्या, मच्छीमार सोसायटीचं किंवा ग्रामपंचायतीचं पत्र, तुरुंगातल्या वागणुकीचा दाखला, सगळं आत्ताच जमवा. दाखल्यावरून घटनेच्या दिवशी वय अठराच्या आत निघालं तर फाशीचा प्रश्नच उरत नाही, आणि हा मुद्दा कुठल्याही टप्प्यावर काढता येतो.

माफीच्या साक्षीदाराबद्दलही (माफीच्या बदल्यात साथीदारांविरुद्ध साक्ष देणारा आरोपी) विचारलंय. जोशी-अभ्यंकर खटल्यापासून हा शब्द घराघरांत माहीत आहे, पण तो सोपा रस्ता नाही. स्वतःचा वाटा धरून सगळं खरं सांगावं लागतं, लपवलं तर माफी जाते, आणि आधी जामीन नसेल तर खटला संपेपर्यंत आतच राहावं लागतं.

‘हातात हत्यार नव्हतं’ या भरवशावरही राहू नका. १९९३ च्या स्फोटांचं आरडीएक्स आपल्या शेखाडीला उतरलं, त्या खटल्यात २०१३ मध्ये दहा जणांची फाशी जन्मठेपेवर आली आणि याकूब मेमनची कायम राहिली. ते दहा बाण, हा ते सोडणारा धनुर्धारी, असं सुप्रीम कोर्टाने म्हटलं. उलट, सहआरोपीची शिक्षा कमी झाली तर तो निकाल लगेच आपल्या फाईलला लावा. हरबंससिंग प्रकरणात तिघांचा वाटा सारखाच होता. एकाची फाशी आधीच जन्मठेपेवर आली होती, तरी दुसरा १९८१ मध्ये फासावर गेला.

देव न करो, पण फाशी झालीच तर ती हायकोर्टाच्या शिक्कामोर्तबाशिवाय अमलात येत नाही. तरी स्वतःचं अपील ३० दिवसांत टाकाच. निकालाची प्रत आरोपीला फुकट मिळते, नक्कल विभागात पैसे मोजू नका. रत्नागिरी-सिंधुदुर्गचं हायकोर्टाचं काम ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे आहे, रायगडचं मुंबईलाच, त्यामुळे वकील शोधताना ते बघा.

दोषारोपपत्रात भावाच्या नावापुढे नेमकं काय लिहिलंय, ३४ सोबत १२०-ब (कट रचणं) आहे का, एवढं नावं खोडून इथे टाका, मग पुढचं बोलू.