चर्चची जागा : मालक कोण, कारभारी कोण?

प्रश्न : आमच्या आजोबांनी भुसावळमधील आपला भूखंड नोंदणीकृत बक्षीसपत्राने शाळेसाठी चर्चला दिला होता. आता तो एका विकासकाला दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने देण्याचे घाटत आहे. काहींच्या मते जागा बिशपांची आहे, तर काहींच्या मते भाविकांची. आम्हा वारसांना ती परत मागता येईल का?
— एक वाचक, भुसावळ

उत्तर : बक्षीसपत्र नोंदले गेले आणि दान स्वीकारले गेले की दात्याचा आणि त्याच्या वारसांचा मालकी हक्क संपतो. दात्याच्या मर्जीवर अवलंबून नसलेली एखादी घटना घडल्यास दान रद्द होईल, अशी अट दोन्ही पक्षांनी मान्य केलेली असेल, तरच वेगळा विचार होऊ शकतो. त्यामुळे बक्षीसपत्राची प्रत मिळवून ती नीट वाचावी.

कॅथोलिक चर्चच्या १९८३ च्या कॅनन कायद्यानुसार, म्हणजे चर्चच्या अंतर्गत कायद्यानुसार, धर्मग्राम (एका चर्चचा स्थानिक समुदाय), धर्मप्रांत (बिशपांच्या अखत्यारीतील प्रदेश) किंवा धर्मसंघ यांपैकी ज्याने मिळकत रीतसर मिळवली, त्याचीच ती असते. म्हणजे ती बिशपांची किंवा फादरांची खासगी नाही, आणि भाविकांच्या सामाईक मालकीचीही नाही. बिशपांना मोठी मिळकत विकायची असल्यास धर्मप्रांताच्या अर्थसमितीची आणि सल्लागार मंडळाची संमती घ्यावी लागते. ठरलेल्या कमाल रकमेच्या वर गेल्यास रोमची परवानगीही लागते. दात्याने सांगितलेला हेतू पाळण्याचे बंधनही हाच कायदा घालतो.

मात्र मिळकतीची मालकी देशाच्या कायद्याला मान्य अशा रीतीने सुरक्षित करावी, असेही कॅनन कायदाच कारभाऱ्यांना बजावतो. महाराष्ट्रात ती रीत १९५० च्या सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाने ठरते. त्याच्या कलम ३६ प्रमाणे नोंदणीकृत न्यासाची (विश्वस्तव्यवस्थेची) स्थावर मिळकत विकणे, अदलाबदल करणे किंवा बक्षीस देणे, तसेच शेतजमीन १० वर्षांहून आणि बिगरशेती जागा किंवा इमारत ३ वर्षांहून अधिक काळ भाड्याने देणे, धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वमंजुरीशिवाय वैध ठरत नाही. न्यासाचे हित पाहूनच आयुक्त मंजुरी देतात. तेव्हा आपली हरकत चर्चच्या आवारात चर्चा करण्यापेक्षा या मंजुरीच्या कार्यवाहीत लेखी नोंदवलेली बरी. शाळेसाठी दिलेली जागा अन्य कामाला जात आहे, हा मुद्दा तेथे वजनदार ठरू शकतो.

सरकारने चर्चच्या कारभारात लक्ष घालावेच का, असेही विचारले जाते. सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्ये याच अधिनियमाला आव्हान देणाऱ्या रतिलाल गांधी खटल्यात धर्माचरण आणि मिळकतीचा कारभार वेगळे केले. राज्यघटनेच्या अनुच्छेद २६ नुसार मिळकतीचा कारभार धर्मसंप्रदायाने कायद्याच्या चौकटीत करायचा असतो. त्याच निकालात, धार्मिक न्यासावर खुद्द धर्मादाय आयुक्तांनाच विश्वस्त म्हणून नेमण्याची तरतूद मात्र न्यायालयाने टिकू दिली नाही, आणि ते योग्यच झाले.

खानदेशातील तिन्ही जिल्हे १९८७ मध्ये स्थापन झालेल्या नाशिक धर्मप्रांतात येतात. म्हणून मिळकत पत्रिकेवर भुसावळच्या चर्चऐवजी दुसऱ्याच न्यासाचे नाव दिसल्यास लगेच संशय घेऊ नये. त्या न्यासाचा नोंदणी क्रमांक घेऊन धर्मादाय कार्यालयातील परिशिष्ट १ चा उतारा काढावा. विश्वस्त कोण आणि कोणती स्थावर मिळकत नोंदलेली आहे, हे त्यात असते.

प्रश्न : माझ्या मावशीने मृत्युपत्राने आपले शेत चर्चला दिले आणि चार महिन्यांतच तिचे निधन झाले. वर्षाच्या आत मृत्यू झाल्याने मृत्युपत्र रद्दबातल ठरते, असे भाऊबंद म्हणतात. हे खरे आहे का?
— एक वाचक, चोपडा

उत्तर : पूर्वी ते बऱ्याच अंशी खरे होते. भारतीय वारसा अधिनियमाच्या कलम ११८ नुसार, जवळचे नातलग असलेल्या ख्रिस्ती व्यक्तीने धर्मकार्यासाठी केलेले मृत्युपत्र मृत्यूपूर्वी किमान १२ महिने झालेले असावे लागे आणि ते ६ महिन्यांत विहित ठिकाणी ठेवावे लागे. जॉन वल्लमट्टम खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे कलम २००३ मध्ये घटनाबाह्य ठरवले.

खरी अडचण शेताची आहे. १९४८ च्या कूळ कायद्यानुसार शेतकरी नसलेल्याकडे शेतजमीन हस्तांतरित करण्यास मनाई असून त्यासाठी परवानगी लागते. गुजरातमध्ये लागू असलेल्या त्याच मूळ कायद्याबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये मृत्युपत्रही या मनाईत येते असे ठरवले. शेत आदिवासी खातेदाराचे असेल, तर जमीन महसूल संहितेचे कलम ३६अ लागू होते आणि बिगरआदिवासीकडे हस्तांतरासाठी जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी अनिवार्य ठरते. त्यामुळे सातबाऱ्यावरील फेरफारासाठी तलाठ्याकडे अर्ज करण्याआधी जमिनीचा भोगवटा वर्ग (ती कोणत्या अटींवर धारण केली आहे तो प्रकार) आणि मावशींची खातेदार म्हणून असलेली नोंद वकिलांना दाखवावी.