आजीचं कर्ज आणि रेगन यांचं कर्ज

डेमॉइन, आयोवा

प्रिय सानिका,

परवा फोनवर तू जे विचारलंस त्याचं उत्तर गाडी चालवता चालवता देण्यासारखं नव्हतं, म्हणून लिहायला बसले आहे. तुझा प्रश्न असा होता: आजी सारखी ‘ऋण काढून सण करू नये’ म्हणते, आपल्याकडचे सगळेच कर्जाच्या नावाने दचकतात, कार्डाचं बिल वेळेत भरलं नाही तर बाबांना झोप लागत नाही. हे असं का? आणि इतिहासाच्या वर्गात ज्या माजी अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांच्याबद्दल तुम्ही शिकता आहात, त्यांच्या आठ वर्षांत (१९८१ ते १९८९) अमेरिकेचं कर्ज जवळजवळ तिप्पट झालं, तरी अर्धा वर्ग त्यांना थोर मानतो. मग चुकतं कोण, आजी की ते?

आधी आपल्या भीतीबद्दल सांगते. ती कंजूषपणातून आलेली नाही. आजीचं माहेर सुप्याचं, बारामती तालुक्यातलं. त्या गावात १२ मे १८७५ रोजी शेतकरी जमले, सावकारांच्या घरी-दुकानांत शिरले आणि वह्या, कर्जरोखे बाहेर काढून त्यांची होळी केली. माणसांवर फारसा कुणी हात टाकला नाही. राग कागदांवर होता. रोख्यावर अंगठा उठवणाऱ्याला त्यात काय लिहिलंय ते वाचता येत नव्हतं, आणि त्याच कागदाच्या जोरावर त्याची जमीन जात होती. पुढे हे लोण पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतल्या गावागावांत पसरलं.

तू अमेरिकेचा इतिहास शिकतेस म्हणून यातला एक धागा मुद्दाम सांगते. १८६१ मध्ये इथे यादवी युद्ध सुरू झालं आणि दक्षिणेतल्या राज्यांचा कापूस इंग्लंडला पोचेना. मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. सावकार मागेल त्याला कर्ज देऊ लागले. १८६५ मध्ये युद्ध संपलं, भाव कोसळले, नवीन कर्ज मिळणं बंद झालं, आणि त्याच सुमारास सरकारने शेतसाराही वाढवला. सुप्यातल्या त्या आगीची कारणं अनेक होती, पण त्यातलं एक कारण अमेरिकेत घडलं होतं. आपल्या घरात कर्जाची जी धास्ती आहे ती अशी कमावलेली आहे. तेजीच्या वर्षांत पैसे सहज मिळतात, मंदी आली की तेच कर्ज अंगावर येतं, आणि ज्याने तेजी आणली तो त्या वेळी शेजारी उभा नसतो.

आता आजीकडे नीट बघ. ती कर्जाच्या विरोधात कधीच नव्हती. आजोबांनी भूविकास बँकेचं कर्ज काढून विहीर खोदली, तिच्यावर मोटर बसवली. दर हंगामाला सोसायटीचं पीककर्ज असायचंच. मी शिकायला इकडे येणार म्हटल्यावर जामीनदार मिळवायला आजी स्वतः चार घरी गेली होती. पण मावशीच्या लग्नासाठी कर्ज काढायचा विषय निघाला तेव्हा तिने ठाम नकार दिला, आणि लग्न गावच्या देवळात, घरच्या जेवणावर झालं. विहिरीसाठी चालेल, मांडवासाठी नाही. विहीर स्वतःचं कर्ज फेडते, मांडव दुसऱ्या दिवशी उतरतो.

घरचा हिशेब आणि सरकारचा हिशेब एक नसतो, हेही खरं. सरकार म्हातारं होत नाही, त्याला कर बसवता येतो, मंदीत त्याने हात आखडला तर बेकारी वाढते. म्हणून आजीचा नियम राज्याला जसाच्या तसा लागू करू नकोस. पण राज्यकर्त्याला पैशाचा जाब विचारणं ही आपल्याकडची जुनी रीत आहे. १९०२ मध्ये गोपाळ कृष्ण गोखले कलकत्त्याच्या कायदेमंडळात अर्थसंकल्पावर पहिल्यांदा बोलायला उभे राहिले. सरकार शिलकी अंदाजपत्रकाचा अभिमान मिरवत होतं. गोखल्यांनी आकडे समोर ठेवून दाखवलं, की दुष्काळ आणि प्लेगाने लोक खंगलेले असताना तिजोरीत शिल्लक उरते, याचा अर्थ लोकांकडून गरजेपेक्षा जास्त वसुली होते आहे. मिठावरचा कर कमी करा, ही त्यांची मागणी होती, आणि पुढच्याच वर्षी तो कमी झाला. शिल्लक असो की तूट, पैसा कुणाकडून आला आणि कुणाकडे गेला, हे त्यांनी विचारलं. मीही रेगन यांना तेच विचारते.

१९८० च्या निवडणुकीत रेगन यांनी तीन गोष्टींचं वचन दिलं होतं: कर कमी करू, सैन्यावरचा खर्च वाढवू आणि अर्थसंकल्प समतोल करू. पहिल्या दोन झाल्या, तिसरी आठ वर्षांत एकदाही नाही. ऑगस्ट १९८१ च्या कायद्याने वैयक्तिक प्राप्तिकराचे दर तीन वर्षांत सुमारे पावपट उतरले, आणि सगळ्यांत वरच्या उत्पन्नावरचा दर ७० टक्क्यांवरून ५० वर आला. १९८६ च्या सुधारणेने तो २८ वर आणला. कर कमी केले की उद्योग वाढेल आणि वाढलेल्या उद्योगातून तूट भरून निघेल, असा हिशेब होता. तूट भरून निघाली नाही. ते आले तेव्हा देशाचं कर्ज १ लाख कोटी डॉलरच्या आत होतं, गेले तेव्हा अडीच लाख कोटींच्या पुढे. सरकार दरवर्षी भरत असलेलं व्याज याच काळात दुपटीहून जास्त झालं.

न्यायाने बोलायचं तर खर्चाची मंजुरी काँग्रेस, म्हणजे इथली संसद देते, आणि तिचं एक सभागृह, प्रतिनिधिगृह, आठही वर्षं डेमोक्रॅट पक्षाच्या हातात होतं. तूट हाताबाहेर जाते आहे हे दिसल्यावर १९८२ मध्ये रेगन यांनी काही करवाढीवर सहीसुद्धा केली. १९८३ चा सोशल सिक्युरिटीचा कायदा तर मला मनापासून आवडतो. निवृत्तिवेतनाचा निधी आटत होता. रेगन आणि सभापती टिप ओनील, दोघे टोकाचे विरोधक, एकत्र बसले. लोकांकडून थोडं जास्त घ्यायचं आणि निवृत्तीचं वय हळूहळू ६७ पर्यंत न्यायचं, असं ठरलं. दोघांनाही त्यासाठी शिव्या खाव्या लागल्या. तू निबंधात याला जागा दे, कारण वर्गातले दोन्ही गट हे विसरतात.

लोक त्यांना थोर का म्हणतात, तेही समजून घे. १९८० मध्ये महागाई १३ टक्क्यांच्या वर होती, ते गेले तेव्हा चारच्या आसपास होती. त्याचं मोठं श्रेय फेडरल रिझर्व्हचे, म्हणजे इथल्या मध्यवर्ती बँकेचे, प्रमुख पॉल व्होल्कर यांना. त्यांची नेमणूक आधीचे अध्यक्ष कार्टर यांनी केली होती, पण व्याजदर भयंकर वाढलेले असताना, १९८२ अखेरीस बेकारी १०.८ टक्क्यांवर गेलेली असताना, रेगन त्यांच्या पाठीशी राहिले आणि १९८३ मध्ये त्यांची फेरनेमणूक केली. आणि व्हिएतनामनंतर खचलेल्या देशाला या माणसाच्या बोलण्यातून धीर मिळाला, हेही खोटं नाही. बोलण्याची ही कला त्यांनी काही प्रमाणात आपल्याच गावात कमावली. तिशीच्या दशकात ते डेमॉइनच्या रेडिओवर सामन्यांचं समालोचन करायचे.

आता परराष्ट्र धोरण. सैन्याचा खर्च डॉलरच्या आकड्यांत जवळजवळ दुप्पट झाला. हा मांडव होता की विहीर? रेगन यांचे चाहते म्हणतात विहीर, कारण सोव्हिएत संघ त्या स्पर्धेत थकला. मला ते अर्धंच पटतं. सोव्हिएत व्यवस्था आतून पोखरली होती, आणि तिचे नेते गोर्बाचेव्ह नसते तर काय झालं असतं कुणास ठाऊक. मला रेगन यांचं मोठेपण शस्त्रं विकत घेण्यात दिसत नाही, ती मोडायला तयार होण्यात दिसतं. १९८३ मध्ये ज्या देशाला त्यांनी दुष्ट साम्राज्य म्हटलं, त्याच देशाच्या नेत्यासमोर ते १९८६ मध्ये आइसलंडमधल्या रेक्याविकला बसले. तिथे रेगन यांच्या अंतराळातल्या क्षेपणास्त्र-कवचाच्या हट्टापायी बोलणी फिसकटली. तरी त्यांनी पाठ फिरवली नाही, आणि डिसेंबर १९८७ मध्ये करार झाला. ५०० ते ५५०० किलोमीटर पल्ल्याची जमिनीवरून सुटणारी क्षेपणास्त्रं दोघांनीही समूळ नष्ट करायची, आणि एकमेकांच्या तळांवर जाऊन खात्री करून घ्यायची. १९९१ पर्यंत २६९२ क्षेपणास्त्रं नष्ट झाली. स्वतःच्याच पक्षातल्या कडव्या लोकांचा विरोध पत्करून त्यांनी हे केलं.

याच धोरणाची दुसरी बाजू आपल्या लोकांनी सोसली. अफगाणिस्तानातल्या सोव्हिएत फौजांविरुद्ध पाकिस्तान हवा होता, म्हणून १९८१ मध्ये झिया उल हक यांच्या लष्करी राजवटीला ३२० कोटी डॉलरची मदत ठरली, वर एफ-१६ विमानं. पाकिस्तान अणुबाँबच्या मागे आहे हे दिसत असताना डोळेझाक झाली. इराणला चोरून शस्त्रं विकली गेली, त्यातला पैसा निकाराग्वातल्या बंडखोरांकडे वळवला गेला, आणि ते १९८६ मध्ये उघड झालं. काँग्रेसने मनाई केलेल्या कामाला मागच्या दाराने पैसा गेला, आणि याला माझ्याकडे माफी नाही.

भारताशी मात्र त्यांनी दार बंद केलं नाही. तारापूरचं अणुवीज केंद्र अमेरिकेच्या मदतीने उभं राहिलं होतं, पण पोखरणनंतर आणि १९७८ च्या अमेरिकन कायद्यानंतर त्याचं इंधन अडलं. १९८२ मध्ये इंदिरा गांधी वॉशिंग्टनला आल्या तेव्हा तोडगा निघाला: इंधन फ्रान्सने द्यायचं. महासंगणकाचं तर तुला माहीतच आहे, तुझ्या मामाच्या तोंडी सतत असतं. भारताला हवा होता त्याहून कमी ताकदीचा क्रे संगणक, तोही फक्त हवामानाच्या कामासाठी, देखरेखीच्या अटी घालून मिळाला. मग स्वतःचाच महासंगणक बनवायला १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही सरकारी संस्था सुरू झाली आणि अकोला जिल्ह्यातून आलेल्या विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा महासंगणक तयार झाला.

एड्सबद्दल थोडक्यात लिहिते, पण ते निबंधातून गाळू नकोस. या रोगावर रेगन यांनी पहिलं मोठं भाषण केलं ते मे १९८७ मध्ये. तोवर वीस हजारांहून जास्त अमेरिकन माणसं गेली होती.

शेवटी आयोवा, कारण तुझ्या प्रश्नाचं खरं उत्तर मला पुस्तकापेक्षा इथे राहून मिळालं. सत्तरच्या दशकात धान्याला भाव होता, जमिनीचे भाव चढत होते, बँका शेतकऱ्यांना आणखी जमीन घ्या, आणखी कर्ज घ्या म्हणत होत्या. मग व्याज भडकलं, डॉलर महाग झाल्याने निर्यात घटली, धान्य पडलं. १९८१ ते १९८६ या काळात आयोवातल्या शेतजमिनीचा भाव ६० टक्क्यांहून जास्त कोसळला. जप्ती आलेल्या शेतांसाठी लोक न्यायालयांच्या आवारात पांढरे क्रूस रोवत. आपल्या शेजारच्या आजोबांनी स्वतः एक रोवला होता, भावाच्या शेतासाठी. त्यांनी दोनदा रेगन यांना मत दिलं होतं. १९८० आणि १९८४ मध्ये हे राज्य रेगन यांच्याबरोबर गेलं, १९८८ मध्ये त्यांच्या पक्षाच्या विरोधात.

मार्च १९८५ मध्ये काँग्रेसने शेतकऱ्यांना तातडीचं कर्ज देणारं विधेयक पाठवलं. खर्च परवडणार नाही म्हणून रेगन यांनी त्यावर नकाराधिकार वापरला. सानिका, मला इथेच ते सगळ्यांत जास्त खटकतात. काटकसर हवीच होती, तर ती वरच्या थरातल्या करकपातीच्या वेळी का आठवली नाही? पेरणीच्या तोंडावर शेतकऱ्याला मिळणारं कर्ज म्हणजे विहिरीचं कर्ज. पुढे सरकारला शेतीवर विक्रमी खर्च करावाच लागला. आणि १९८६ मध्ये त्यांनीच एका कायद्यावर सही केली: दिवाळखोरीत गेलेल्या कुटुंबाला शेत न गमावता हप्त्यांनी कर्ज फेडता यावं, असा. आयोवाचे सिनेटर ग्रास्ली यांनी तो लावून धरला होता. सुप्याच्या घटनेनंतर १८७९ मध्ये इंग्रज सरकारने दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी केलेल्या कायद्यातही हेच होतं. न्यायालयाने रोख्यामागचा खरा व्यवहार तपासावा, व्याज कापावं, हप्ते बांधून द्यावेत.

हे दोन कायदे शेजारी ठेवून तुझ्या प्राध्यापकांना दाखव. आणि १९८५ च्या नकाराबद्दल वर्गात कोण काय म्हणालं ते मला सविस्तर कळव. माझं मत मी लिहिलं आहे. तुझं वेगळं असलं तर आकड्यांसकट मांड, मी वाचेन.

तुझी,
आई