वहीतलं चौथं नाव

"मॅडम, लिहायचं सोडून नोकरी धरू का? आणि मांजरांचं काय करू?"

पहिल्या फोनवर त्या तरुण लेखिकेने एवढेच दोन प्रश्न विचारले. मी समुपदेशक आहे, आणि यातला पहिला माझ्या खोलीत वरचेवर येतो. कधी एखादा चित्रकार मुलगा विचारतो, कधी नाटकात रमलेली मुलगी, आणि बरेचदा मुलाला शेजारी बसवून त्याचे आईवडीलच विचारतात. दुसरा प्रश्न मला त्या दिवशी किरकोळ वाटला. माझी चूक झाली ती तिथेच.

तिच्या परवानगीने हे लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मांजरांची नावं मात्र तिने बदलू दिली नाहीत.

वय ३१. मूळ गाव कराडच्या बाजूला, घरी थोडा ऊस. मराठी घेऊन एम.ए. झाली आणि पुण्यातच राहिली. दोन वर्षांपूर्वी कादंबरी पुरी करायची म्हणून तिने एका खासगी कार्यालयातली नोकरी सोडली. साठवलेले पैसे दहा महिन्यांत संपले. मग मुद्रितशोधन, पानामागे १५ रुपये, आणि जोडीला एका एजन्सीची भाषांतरं. महिन्याला सरासरी १४,००० रुपये मिळायचे, पण सरासरीवर किराणा भरता येत नाही. एका महिन्यात २०,००० यायचे, तर पुढच्या महिन्यात ६,०००. धायरीतल्या गच्चीवरच्या खोलीचं भाडं ७,५००, ते मात्र पाच तारखेला द्यावंच लागायचं. घरी तिने नोकरी सोडल्याचं सांगितलंच नव्हतं.

खोलीत तीन मांजरं होती. बाळ्या हा बोका, आणि काळी नि चिंगी या दोघी बहिणी. पावसात जिन्याखाली सापडलेल्या. मार्चमध्ये बाळ्याची लघवी अडली. बोक्यांची मूत्रनलिका फार अरुंद असते. त्यात खडा किंवा चिकट गाळ अडकला की मूत्राशय तुंबतं आणि वेळेत नळी घातली नाही तर दोन-तीन दिवसांत जनावर दगावतं. तिने त्याला रात्री साडेअकराला रिक्षातून दवाखान्यात नेलं. तीन दिवस तिथे ठेवावं लागलं आणि बिल झालं ११,८००. ते क्रेडिट कार्डावर गेलं. आधीची थकबाकी धरून कार्डावर १९,००० झाले.

जूनच्या पहिल्या आठवड्यात ती माझ्यासमोर बसली होती. बोलताना सारखी हाताच्या बोटांवर काहीतरी मोजत होती. मी ऐकलं, आकडे लिहून घेतले आणि सगळ्यात वाईट वाक्य बोलले, "यातली एखाददोन मांजरं कुणाला देता येतील का?"

ती हसून "बघते" म्हणाली आणि गेली. पुढची वेळ तिने रद्द केली, त्याच्या पुढचीही. तिसऱ्या आठवड्यात मीच फोन केला. पैशाची चणचण दिसली की आपण समुपदेशकसुद्धा घरातल्या मोठ्या माणसांसारखे वागतो. ज्या खर्चावर आपलं प्रेम नाही, त्यावर आधी काट मारतो. मी तिची माफी मागितली. ती आली.

त्या दिवशी मी जे पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं ते विचारलं. झोप कशी आहे, जेवण कसं आहे, आणि जगणं नको असं कधी वाटतं का. हा शेवटचा प्रश्न विचारायला लोक कचरतात. विचारल्याने तो विचार समोरच्याच्या डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. ती बराच वेळ खिडकीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "एप्रिलमध्ये दोनतीनदा वाटलं. पण मला काही झालं तर यांचं दार कोण उघडेल? खोलीला आतून कडी असते."

मी पेन खाली ठेवलं. तीन आठवड्यांपूर्वी मी काय काढून टाकायला सांगत होते, ते मला तेव्हा कळलं.

तिला मी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं, आणि १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा मोफत क्रमांक तिच्या फोनमध्ये माझ्यासमोरच जतन करायला लावला. रात्रीबेरात्री माझा फोन लागेलच असं नाही, तो लागतो. डॉक्टरांनी तपासलं, औषध लगेच सुरू केलं नाही, पण रक्त तपासायला सांगितलं. हिमोग्लोबिन ८.९ आलं. बायकांमध्ये ते १२ च्या वर हवं.

इथे वहीचा विषय निघाला. तिच्या पिशवीत नेहमी एक दोनशे पानी वही असायची. मला वाटायचं कादंबरीची असेल. तिने उघडून दाखवली तर प्रत्येक पानावर तीन रकाने. बाळ्या, काळी, चिंगी. कुणी सकाळी किती खाल्लं, पाणी किती प्यालं, बाळ्याला लघवी किती वेळा झाली. कोरडं खाणं ग्रॅममध्ये, उकडलेली कोंबडी वाटीच्या मापात. दुखण्यातून उठलेल्या जिवाची अशी नोंद ठेवायला फार माया लागते.

"आणि काल तू काय जेवलीस?" मी विचारलं.

तिला आठवेना. परवाचंही आठवेना. चहा आणि खारी, एवढं नक्की. महिनाअखेरीला स्वतःचं जेवण आवरतं घेऊन ती मांजरांचं खाणं आणत होती.

या मुलीची मुख्य तक्रार होती, "मला सुचत नाही. पानासमोर बसते आणि डोकं बधिर होतं. बहुधा माझ्यात तेवढं नाहीच." वर्षभर ती हे स्वतःच्या प्रतिभेवरचं निकालपत्र म्हणून वाचत होती. रक्तात लोह नाही, पोटात अन्न नाही, घरच्यांपासून लपवलेलं एक खोटं रोज सांभाळायचं, आणि कार्डाचं बिल कधी येणार याची धास्ती. अशा डोक्याने कादंबरीचं सतरावं प्रकरण लिहायला घ्यायचं होतं!

तिला मी एका अभ्यासाबद्दल सांगितलं. २०१३ साली 'सायन्स' या नियतकालिकात तो आला होता. तमिळनाडूतल्या ऊस उत्पादक शेतकऱ्यांना तर्काची आणि लक्ष देण्याची काही कोडी दोनदा घातली होती. ऊसतोडीआधी हात आखडलेला असताना एकदा आणि पैसे हाती आल्यावर एकदा. माणसं तीच, पण चणचणीच्या दिवसांत त्यांची उत्तरं जास्त चुकली. या अभ्यासावर पुढे वादही झाले, पण माझ्या खोलीत मी जे बघते त्याच्याशी तो जुळतो. ती ऐकून म्हणाली, "आमच्याकडे कारखान्याचं बिल निघेपर्यंत बाबा साधी बेरीज चुकायचे. आम्ही त्यांना हसायचो." आणि मग पहिल्यांदा रडली.

गृहपाठ एकच दिला. वहीत चौथा रकाना आखायचा आणि त्यावर लिहायचं 'मी'.

पैशाचं आम्ही पुढच्या भेटीत काढलं. काही जण म्हणतात, हे समुपदेशकाचं काम नाही. मला ते पटत नाही. धास्ती आकड्यांची असेल तर आकडे टेबलावर घ्यावेच लागतात. ती कार्डाचं 'किमान देय' भरत होती, महिन्याला ९५०. व्याज महिना साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला ४२. आम्ही कागदावर मांडलं. १९,००० वर ६६५ रुपये व्याज, वर व्याजावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ७८५ गेले. मुद्दलातून सुटले जेमतेम १६५. "म्हणजे मी दर महिन्याला भरते आणि तिथेच आहे," ती म्हणाली. ती आळशी किंवा बेजबाबदार नव्हती. फक्त ते बिल तिने चार महिन्यांत एकदाही पूर्ण उघडून वाचलं नव्हतं, कारण उघडलं की छातीत धडधडायचं.

दुसरी गोष्ट अचानक सापडली. भाषांतराचे पैसे एजन्सीकडून दहा टक्के कापून यायचे. तिला वाटायचं, त्यांचा दरच तसा आहे. तो टीडीएस होता, म्हणजे पैसे देण्याआधीच कापून सरकारकडे भरलेला प्राप्तिकर. तिचं उत्पन्न करपात्र मर्यादेच्या कितीतरी खाली, म्हणजे हे पैसे तिला परत मिळू शकत होते, पण त्यासाठी लागणारं प्राप्तिकराचं विवरणपत्र तिने कधी भरलंच नव्हतं. ओळखीतल्या एका करसल्लागाराने जुलैअखेरीच्या आत ते भरून दिलं आणि सप्टेंबरमध्ये तिच्या खात्यात ९,६०० रुपये परत आले. स्वतंत्र काम करणारी किती तरी लेखक-चित्रकार मंडळी हा पैसा तसाच सोडून देतात. आपल्या नावावर किती कर कापला आहे ते प्राप्तिकर खात्याच्या संकेतस्थळावर दिसतं. बघा एकदा.

सगळ्यात अवघड होतं ते दादाला फोन करणं. तीन भेटी आम्ही फक्त त्या फोनच्या पहिल्या वाक्यावर घालवल्या. तिला "दादा, एक विचारायचं होतं" असं सुरू करायचं होतं. मी म्हटलं, विचारू नकोस, सांग. शेवटी तिने सांगितलं, "दादा, मी दोन वर्षांपूर्वी नोकरी सोडली आहे आणि माझ्यावर कर्ज आहे." तो रागावला. दोन दिवस बोलला नाही. तिसऱ्या दिवशी त्याने कार्ड पूर्ण फेडलं आणि निरोप धाडला की महिना १,५०० परत करायचे, आईला मात्र तूच सांग.

आता तिचा पहिला प्रश्न, नोकरीचा. "खरा लेखक पोटासाठी दुसरं काम करतच नाही," असं ती म्हणायची. या 'च'वर आम्ही बराच वेळ थांबलो. मी तिला आपल्याच भाषेतल्या लेखकांची आठवण करून दिली. जी. ए. कुलकर्णी धारवाडला इंग्रजी शिकवत राहिले. मर्ढेकर आकाशवाणीत नोकरी करत होते. नारायण सुर्वे गिरणीत राबले, शाळेत शिपाई होते, मग शिक्षक झाले. त्यांचं लेखन त्यामुळे उणं झालं असं कुणी म्हणत नाही. तिने यावर लगेच मान डोलावली नाही, आणि ते मला बरं वाटलं. ती म्हणाली, "त्यांना दिवसाचे किती तास मिळत होते ते सांगा."

प्रश्न बरोबर होता. मग आम्ही तास शोधले. पूर्ण वेळची नोकरी तिला नको होती आणि तिच्या अशक्तपणात झेपलीही नसती. एका अभ्यासिकेत सकाळी ११ ते ३ बसायचं काम मिळालं, महिना ८,०००. मुद्रितशोधन चालू राहिलं, भाषांतरं तिने निम्म्यावर आणली. लिहिण्याची वेळ मांजरांनी ठरवली. काळी रोज पहाटे पाचला तोंडावर पंजा मारून उठवतेच, मग साडेपाच ते साडेसात लिहायचं. दोघींची नसबंदी एका संस्थेमार्फत कमी खर्चात झाली. दवाखान्यासाठी म्हणून महिन्याला ५०० रुपये वेगळ्या खात्यात जायला लागले. बाळ्याला डॉक्टरांनी ओलं खाणं आणि भरपूर पाणी सांगितलंय, तो खर्च तसाच आहे. त्यावर मी अवाक्षर काढलं नाही.

श्रावणात तिने दोन दिवाळी अंकांना कथा पाठवल्या. एक साभार परत आली. दुसरीचं काहीच कळलं नाही. कादंबरीची अजून पाच प्रकरणं बाकी आहेत. हस्तलिखित पुरं झालं की राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या नवलेखक अनुदानासाठी अर्ज करायचा, असं तिने ठरवलंय.

नोव्हेंबरमध्ये ती आली तेव्हा हिमोग्लोबिन ११.२ होतं. वही मागितल्यावर तिने सहज पुढे केली. चार रकाने. चौथ्यात भाकरी, पालेभाजी, अंडं, लोहाची गोळी, आणि खाली बारीक अक्षरात त्या दिवशी लिहिलेली पानं. कुठे दीड, कुठे अर्धं, कुठे नुसतीच फुली. पानं उलटताना मध्येच तीन दिवस 'मी'चा रकाना कोरा दिसला. माझ्या मनात चर्र झालं.

"हे काय गं?" मी विचारलं.

"आई आली होती," ती म्हणाली. "तीच वाढायची. लिहायचं राहून गेलं."