मित्रांना फुकट सल्ला: नव्या वकिलासाठी
सनद हातात पडली की मित्र ‘भाड्याचं अ‍ॅग्रीमेंट जरा बघ ना’ म्हणत व्हॉट्सअ‍ॅपवर पीडीएफ टाकणारच. लोकलमध्ये उभ्या उभ्या ‘ठीक वाटतंय’ असं कधीही लिहू नकोस. अकरा महिन्यांचा करारही महाराष्ट्रात नोंदवावाच लागतो. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याचं कलम ५५ ती जबाबदारी घरमालकावर टाकतं. नोंदणी नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरतात, उलट सिद्ध होईपर्यंत. मित्रच घरमालक असेल तर तुझे ते दोन शब्द त्याला केवढ्याला पडतील! सरळ सांग, ‘शनिवारी कागद घेऊन ये, नीट वाचते, फी इतकी.’ जवळच्यांना हवं तर कमी घे, पण आकडा आधी बोल. खरंच अडलेल्याला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे पाठव. पात्र असेल तर मोफत वकील मिळतो.