मॅरिलिन रॉबिन्सन चोवीस वर्षे गप्प होत्या का?

पहिल्या कादंबरीनंतर दुसरी यायला अमेरिकन लेखिका मॅरिलिन रॉबिन्सन यांना चोवीस वर्षे का लागली आणि त्यांचे वाचन कोठून सुरू करावे, असे आपण विचारले आहे.

रॉबिन्सन यांचा जन्म १९४३ साली आयडाहो राज्यातल्या सँडपॉइंट या तळ्याकाठच्या गावी झाला. ‘हाउसकीपिंग’ (१९८०) या पहिल्या कादंबरीतले गावही तळ्याकाठीच वसलेले आहे, आणि पुलावरून कोसळून त्या तळ्यात बुडालेल्या आगगाडीची सावली साऱ्या कादंबरीवर पडलेली आहे. त्यानंतर थेट २००४ साली ‘गिलिअड’ आली आणि पुढच्याच वर्षी तिला पुलित्झर पारितोषिक मिळाले.

मधल्या काळात त्या गप्प मुळीच नव्हत्या. ब्रिटनमधल्या सेलाफील्ड अणुप्रकल्पाच्या प्रदूषणावर त्यांनी १९८९ साली ‘मदर कंट्री’ हे घणाघाती पुस्तक लिहिले, १९९८ साली निबंधसंग्रह काढला, आणि आयोवा विद्यापीठाच्या प्रसिद्ध लेखन कार्यशाळेत त्या शिकवत होत्या. गुलामगिरी मोडण्यासाठी तिकडे येऊन वसलेल्या धर्मोपदेशकांचा इतिहास त्यांनी या काळात वाचला. माझ्या मते ‘गिलिअड’ची मुळे याच वाचनात आहेत; कादंबरीतले गिलिअड हे काल्पनिक गाव आयोवातल्या टेबर या खऱ्या गावावरून घेतलेले आहे.

ही कादंबरी म्हणजे १९५६ साली जॉन एम्स या वृद्ध, हृदयविकाराने थकलेल्या पाद्रीने आपल्या लहानग्या मुलासाठी लिहिलेले लांबलचक पत्र आहे. त्याचे आजोबा कमरेला पिस्तूल लावून प्रवचन देणारे, तर वडील युद्धाचे कट्टर विरोधक. एम्स या दोघांच्या कात्रीत वाढलेला. वीज पडून जळालेल्या चर्चचे अवशेष गावकरी भर पावसात उतरवत आहेत आणि काजळीने माखलेल्या हातांनी वडील लहानग्या एम्सला बिस्किटाचा तुकडा देत आहेत, हा प्रसंग अवघ्या पानाभराचा आहे. तो राखेचा घास एम्सला जन्मभर प्रसादासारखा आठवत राहतो.

म्हणून सुरुवात ‘गिलिअड’पासूनच करावी. पहिल्या खेपेस मी ती कथानकाच्या ओढीने वाचू लागलो आणि पन्नासेक पानांत कंटाळून बाजूला ठेवली. रोज दहा-बारा पानेच वाचायची असे ठरवल्यावर ती उलगडली. लगेच ‘होम’ (२००८) घ्यावी. त्यात तेच दिवस शेजारच्या बॉटन कुटुंबाच्या घरातून दिसतात, आणि बॉटनच्या ज्या मुलाकडे, जॅककडे, एम्स संशयाने पाहत असतो, तो तिथे बहिणीसोबत स्वयंपाकघरात बसलेला भेटतो.